सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड: कंपाउंडेड औषधाची ब्रँडच्या औषधाशी तुलना कशी करावी

अमेरिकेतल्या मराठी घरांत मधुमेहाचा किंवा वजनाचा विषय निघाला की हल्ली हमखास एक प्रश्न येतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनची छापील किंमत महिन्याला हजार डॉलरच्या आसपास आहे आणि ऑनलाइन क्लिनिक तेच नाव सांगून त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत कंपाउंडेड, म्हणजे फार्मसीने स्वतः तयार केलेले, औषध घरपोच देते, तर ते का घेऊ नये? न्यू जर्सीत फार्मसिस्ट म्हणून काम करताना मी ही तुलना लोकांना पुष्कळदा करून दिली आहे. "औषध एकच, उगाच पैसे का घालवायचे" हा सल्ला आणि "कंपाउंडेड म्हणजे शुद्ध फसवणूक" हा सल्ला, हे दोन्ही ऐकून मला सारखाच वैताग येतो, कारण दोन्ही देणाऱ्यांनी व्हायलवरचे (औषधाच्या कुपीवरचे) लेबल वाचलेले नसते. हे औषध तुम्हाला द्यावे की नाही, हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. ते द्यायचे ठरल्यावर समोर आलेले दोन पर्याय कसे तोलावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नावे लावून घ्या

ओझेम्पिक आणि वेगोव्ही ही दोन्ही सेमाग्लुटाइडची नावे आहेत. पहिल्याला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये टाइप २ मधुमेहासाठी मान्यता दिली आणि दुसऱ्याला २०२१ मध्ये वजनासाठी. टिर्झेपटाइडचे मधुमेहासाठीचे नाव मौंजारो (२०२२) आणि वजनासाठीचे झेपबाउंड (२०२३). विमा कंपनी औषधापेक्षा निदान पाहते, त्यामुळे मधुमेह असेल तर आधी मधुमेहाच्या नावाने विचारणा करा.

कंपाउंडेड म्हणजे जेनेरिक नव्हे

महाराष्ट्रात जनऔषधी केंद्रातून गोळ्या घेण्याची सवय असलेला माणूस इथे सहज फसतो. जेनेरिक औषध बाजारात येण्यापूर्वी औषध नियामकाने ते तपासून मंजूर केलेले असते. कंपाउंडेड औषधाची सुरक्षितता, परिणाम आणि दर्जा एफडीएने विक्रीपूर्वी तपासलेला नसतो. ते फार्मसीत कच्च्या मालापासून तयार होते. मंजूर औषधातला एखादा घटक एखाद्या रुग्णाला चालत नाही किंवा त्याला हवे ते रूप बाजारात मिळत नाही, अशा वेळी ही सोय फार मोलाची असते आणि मी स्वतः तिचा पुरस्कर्ता आहे. जेनेरिकच हवे असेल तर याच गटातल्या लिराग्लुटाइडचे अमेरिकेत खरे जेनेरिक २०२४ पासून मिळते. ते रोज टोचावे लागते आणि वजनावर त्याचा परिणाम कमी आहे, पण डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडच्या नकला एवढ्या पसरल्या त्या तुटवड्यामुळे. एखादे औषध एफडीएच्या तुटवड्याच्या यादीत असेपर्यंत फार्मसींना त्याची जवळपास नक्कल करण्याची मुभा मिळते. टिर्झेपटाइडचा तुटवडा संपल्याचे एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये पक्के केले, तर सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी २०२५ मध्ये संपल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर दिलेली सवलतीची मुदतही त्याच वर्षी मेअखेरपर्यंत संपली. आता कायद्याला पटेल असे कारण एकच: या विशिष्ट रुग्णासाठी औषधात केलेला बदल खरोखर महत्त्वाचा आहे, असे डॉक्टरांनी ठरवलेले असणे. म्हणून ऑनलाइन क्लिनिकला पहिला प्रश्न हा विचारा की माझ्या बाबतीत तो बदल कोणता आणि तो कशासाठी केला आहे. "त्यात बी१२ घातले आहे" एवढेच उत्तर मिळाले, तर त्या बी१२ची तुम्हाला गरज आहे हे कोणत्या तपासणीत दिसले, तेही विचारा.

कोणी बनवले ते शोधा

क्लिनिकचे नाव बाजूला ठेवा आणि फार्मसीचे नाव मागा. ते सांगायला कोणी टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. अशा फार्मसी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची नावे कायद्याच्या कलमांवरून पडली आहेत. ५०३ए फार्मसी राज्याच्या परवान्यावर चालते, एकेका रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनवर औषध बनवते आणि तिच्यावरची रोजची देखरेख राज्याच्या फार्मसी मंडळाकडे असते. ५०३बी केंद्राची नोंदणी एफडीएकडे असते, त्याला औषध कारखान्यांना लागू असलेले उत्पादनाचे नियम पाळावे लागतात आणि गंभीर दुष्परिणाम कळवावे लागतात. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग केंद्राच्या बुरशी लागलेल्या इंजेक्शनांमुळे देशभर मेंदूज्वराची साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये झालेल्या कायद्यातून हा दुसरा प्रकार आला. ५०३बी केंद्रांची यादी एफडीएच्या संकेतस्थळावर आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली हेही तीत दिसते. ५०३ए असेल तर राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर परवाना पाहा.

एवढ्यावर थांबू नका. खऱ्या फार्मसीचे नाव छापलेली बनावट लेबले सापडली असल्याचा इशारा एफडीएने दिलेला आहे, म्हणून फार्मसीला स्वतः फोन करून लेबलवरचा प्रिस्क्रिप्शन क्रमांक त्यांचाच आहे का, हे विचारून घ्या. त्याच फोनमध्ये कच्चा माल मूळ सेमाग्लुटाइड आहे की सेमाग्लुटाइड सोडियम किंवा अॅसिटेट, हेही विचारा. हे क्षार म्हणजे मंजूर औषधातला घटक नव्हे. "फक्त संशोधनासाठी" असे लिहिलेली पावडर कोणी विकत असेल तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. ती घेऊ नका.

मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि सगळ्यात कमी सल्ला इथेच मिळतो. सुरुवातीला या टप्प्यावर माझाही बराच वेळ जाई, कारण प्रत्येक फार्मसीचे लेबल वेगळे आणि क्लिनिकने दिलेली सूचना त्याहून वेगळी.

ब्रँडच्या पेनमध्ये (पेनासारख्या तयार इंजेक्शनमध्ये) हा हिशेब कंपनीने करून ठेवलेला असतो. वेगोव्हीच्या एका पेनमध्ये एकच ठरलेला डोस असतो आणि ओझेम्पिकच्या पेनवर डोस मिलिग्रॅममध्ये फिरवून लावायचा असतो. कंपाउंडेड औषध बहुधा अनेक डोसांच्या व्हायलमध्ये येते आणि ते इन्सुलिनच्या सिरिंजने ओढायचे असते. त्या सिरिंजवरच्या खुणा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत. सेमाग्लुटाइडला युनिट नावाचे मापच नाही. यू-१०० सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिलि, म्हणजे ती खूण औषध किती हे सांगत नाही, द्रव किती एवढेच सांगते.

आता सेमाग्लुटाइडचा सुरुवातीचा नेहमीचा डोस घ्या: आठवड्याला ०.२५ मिग्रॅ. व्हायलवर "१ मिग्रॅ प्रति मिलि" लिहिले असेल तर त्यासाठी २५ युनिट ओढावे लागतील. "२.५ मिग्रॅ प्रति मिलि" असेल तर १० युनिट, आणि "५ मिग्रॅ प्रति मिलि" असेल तर फक्त ५ युनिट. याच शेवटच्या व्हायलमधून कोणी २५ युनिट ओढले तर शरीरात १.२५ मिग्रॅ जाते, म्हणजे पाचपट. हे काल्पनिक नाही. एका डॉक्टरांना ०.२५ मिग्रॅ, म्हणजे ५ युनिट द्यायचे होते आणि त्यांनी २५ युनिट लिहिले, त्या रुग्णाला उलट्यांनी हैराण केले, असे उदाहरण एफडीएच्या जुलै २०२४च्या इशाऱ्यातच आहे. स्वतः औषध ओढताना पाचपटीपासून वीसपटीपर्यंत जास्त डोस घेतल्याच्या घटनाही त्यात नोंदल्या आहेत.

हिशेब असा करा. डोसाचे मिलिग्रॅम घ्या, त्यांना लेबलवरच्या प्रति मिलि मिलिग्रॅमने भागा आणि उत्तराला १०० ने गुणा. आलेला आकडा म्हणजे यू-१०० सिरिंजवरचे युनिट. तो प्रिस्क्रिप्शनवरच्या आकड्याशी जुळला नाही तर त्या दिवशी इंजेक्शन घेऊ नका, आधी फार्मसिस्टला फोन करा.

लेबल वाचताना आणखी एक सापळा आहे. मिश्रणाच्या व्हायलवर "सेमाग्लुटाइड / सायनोकोबालामिन २.५ / ०.५ मिग्रॅ प्रति मिलि" असे लिहिलेले असते. इथे पहिला आकडा औषधाचा आणि दुसरा बी१२चा. घाईत ०.५ हाच औषधाचा आकडा धरला तर हिशेबात १० ऐवजी ५० युनिट येतात. म्हणून व्हायल हातात आल्याबरोबर औषधाच्या आकड्याखाली पेनने रेघ ओढा आणि डोसाचे मिलिग्रॅम, मिलि आणि युनिट ही तिन्ही मापे एका चिठ्ठीवर लिहून ती व्हायलच्या खोक्याला चिकटवा.

माझी ठाम मते सांगतो. ज्या प्रिस्क्रिप्शनवर फक्त युनिट लिहिले आहेत आणि मिलिग्रॅम नाहीत, ते स्वीकारू नका. मैत्रीण किती युनिट घेते यावरून स्वतःचे युनिट ठरवू नका, कारण तिची व्हायल वेगळी असू शकते. पुढच्या महिन्यात नवी व्हायल आली की लेबल पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे वाचा, कारण क्लिनिक फार्मसी बदलते आणि तीव्रता (प्रति मिलि किती मिलिग्रॅम) कोणालाही न सांगता बदलते. लहान डोसासाठी ०.३ मिलिची सिरिंज मागून घ्या. १ मिलिच्या पुष्कळ सिरिंजांवर दर दोन युनिटला एकच रेघ असते आणि ५ युनिटची जागा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवावी लागते. ज्यांची नजर मधुमेहाने अधू झाली आहे त्यांनी व्हायल आणि सिरिंजचा मार्ग धरूच नये, असे मी स्पष्ट सांगतो. ब्रँडचे झेपबाउंड कंपनीकडून थेट घेतले तरी व्हायलमध्ये येऊ शकते, पण एका डोसाच्या त्या व्हायलमध्ये ठरलेला डोस अर्ध्या मिलिमध्ये असतो, त्यामुळे हा गोंधळ होत नाही.

डोस जास्त गेलाच तर लक्षणांची वाट पाहू नका. पॉयझन कंट्रोलला (विषबाधेच्या मदतवाहिनीला) १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे कमी व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे त्रास एका दिवसात ओसरेल असे धरून चालू नये. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका आणखी वाढतो.

किंमत कशी तोलावी

जाहिरातीतली किंमत बहुतेक वेळा सुरुवातीच्या डोसाची असते. तुम्हाला पुढे ज्या डोसावर राहायचे आहे त्याची किंमत विचारा. वेगोव्हीच्या वैद्यकीय चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले ते आठवड्याला २.४ मिग्रॅच्या डोसावर. चार आठवड्यांना ९.६ मिग्रॅ लागतात, तर सुरुवातीच्या डोसाला चार आठवड्यांना केवळ १ मिग्रॅ. दोन्ही पर्यायांची किंमत त्या वरच्या डोसाला, चार आठवड्यांसाठी, सभासद शुल्क, डॉक्टरांचे शुल्क आणि बर्फात पाठवण्याचा खर्च धरून काढा.

स्वस्त दिसणाऱ्या मोठ्या व्हायलचाही हिशेब करा. २.५ मिग्रॅ प्रति मिलि तीव्रतेच्या २ मिलि व्हायलमध्ये ५ मिग्रॅ औषध असते. ०.२५ मिग्रॅच्या डोसाने ते कागदावर वीस आठवडे पुरते, पण फार्मसीने लिहिलेली वापराची अंतिम तारीख त्याच्या बरीच आधी येते आणि उरलेले औषध टाकून द्यावे लागते. ते वाया जाऊ नये म्हणून डोस लवकर वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कधीही करू नका.

दुसऱ्या बाजूला ब्रँडची छापील किंमत हीच अंतिम किंमत धरू नका. ब्रँडची औषधे बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या विम्याशिवाय घेणाऱ्यांना थेट विक्रीत बऱ्याच कमी दराने औषध देतात आणि ते दर बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीचा दर पाहा. फरक महिन्याला शंभरेक डॉलरपर्यंत येत असेल तर माझा कौल निःसंकोच मंजूर औषधाला आहे.

उरलेले

पार्सल गरम झालेले किंवा गोठलेले आले तर ते परत करा. औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवा.

थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास घरात असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. हा इशारा दोन्ही औषधांच्या मंजूर माहितीपत्रकात ठळक चौकटीत असतो, पण कंपाउंडेड व्हायलबरोबर तो कागद येईलच असे नाही.

कंपाउंडेडवरून ब्रँडवर जाताना डॉक्टरांना शेवटच्या डोसाचे मिलिग्रॅम आणि त्याची तारीख सांगा, युनिट सांगू नका. मध्ये काही आठवडे खंड पडला असेल तर पुन्हा खालच्या डोसापासून चढावे लागेल का, हे विचारून घ्या.

आणि पुण्याला किंवा मडगावला आई-वडिलांसाठी इथली कंपाउंडेड व्हायल घेऊन जाऊ नका. तिथल्या डॉक्टरांना तिची तीव्रता आणि तिचा बनवणारा यांची काहीच माहिती नसते. भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये अधिकृतपणे आले आहे आणि सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना तिथेच मंजूर औषधांतून निवड करू द्या.