पोतोसीच्या चांदी-गिरणीचा इतिहास कसा शोधावा

बोलिव्हियातील पोतोसी येथे, सेर्रो रिको डोंगराच्या पायथ्याशी, चांदीचे धातुक कुटणाऱ्या जुन्या गिरण्यांचे अवशेष आहेत. त्यांपैकी एखादीचा इतिहास शोधताना भिंतींपासून सुरुवात करू नये. आधी तिचे पाणी कोठून येत होते ते पाहावे. सुमारे ४,००० मीटर उंचीवरच्या या कोरड्या प्रदेशात १५७० च्या दशकात, स्पेनच्या राजाचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याच्या कारकिर्दीत, कारी-कारी डोंगरांमध्ये तलाव बांधण्यास सुरुवात झाली आणि तेथून सोडलेले पाणी एका गिरणीचे चाक फिरवून पुढच्या गिरणीकडे जाई. १६२६ च्या मार्चमध्ये सान इल्देफोन्सो तलावाचा बांध फुटून बहुतेक गिरण्या उद्ध्वस्त झाल्या, म्हणून उभ्या बांधकामाचा काळ ठरवताना हे वर्ष विसरून चालत नाही.

त्यानंतर धातुकाच्या वाटेने चालावे. चाकाच्या आसावरील दट्टे जड मुसळे उचलून खाली सोडत. ती भुकटी चाळून तिच्यात पाणी, मीठ आणि पारा घालत व मजूर तो चिखल कित्येक दिवस पायांनी तुडवीत. पाऱ्यात उतरलेली चांदी धुऊन, कापडातून पिळून तापवली की पारा वाफ होऊन निघून जाई. ही पद्धत बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात मेक्सिकोतील पाचुका येथे रूढ केली होती. पोतोसीत ती येण्यापूर्वी स्थानिक लोक वाऱ्यावर पेटणाऱ्या लहान भट्ट्यांत धातुक वितळवीत. पण तो मार्ग कसदार धातुकालाच परवडणारा होता.

कागदपत्रांपैकी पाऱ्याच्या विक्रीची नोंद सर्वांत बोलकी, असे माझे मत आहे. चांदीवर राजाचा पाचवा हिस्सा द्यावा लागत असल्याने बरीच चांदी चोरवाटेने जाई आणि कराच्या वहीत कधी दिसतच नसे. पारा मात्र पेरूमधील हुआनकावेलिकाच्या खाणीतून येई आणि त्याचा व्यापार राजसत्तेच्या हाती होता, म्हणून गिरणीने किती पारा घेतला यावरून तिच्या चांदीचा अंदाज बांधता येतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात, मात्र धातुकाच्या प्रतीनुसार पारा कमी-अधिक लागे, हे लक्षात ठेवून.

शेवटी ‘मिता’ या सक्तीच्या मजुरीच्या याद्या वाचाव्यात. हे मजूर केवळ खाणीत राबले असे समजण्याची चूक सर्रास होते. त्यांतले पुष्कळ जण गिरण्यांच्या वाट्याला आले होते.