फार्मासिस्ट दुकानात नसताना चिठ्ठीवरील औषधांचा बंदोबस्त

पावसाळ्यात लोकल रखडली की ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानाचे शटर मदतनीस वेळेवर उघडतो आणि फार्मासिस्ट मात्र डोंबिवलीच्या फलाटावरच अडकलेले असतात. औषध नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम ६५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावयाचे असते. फोनवर विचारून दिलेली गोळी या देखरेखीत बसत नाही. म्हणून फार्मासिस्टच्या गैरहजेरीत ही औषधे मदतनीसाच्या हाताला लागणारच नाहीत, अशी मांडणी आधीच करून ठेवावी.

या नियमांत चिठ्ठीवरील औषधांच्या अनुसूची, म्हणजे याद्या, आहेत: एच, अधिक कडक एच-१ आणि सर्वांत कडक एक्स. केटामाइन, मिथाइलफेनिडेट यांसारखी अनुसूची एक्समधील औषधे केवळ त्यांच्यासाठी राखलेल्या कुलूपबंद कपाटात किंवा खणात, अथवा जबाबदार व्यक्तींनाच प्रवेश असलेल्या वेगळ्या भागात ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. अल्प्राझोलम, ट्रामाडॉल, कोडीन अशा एच-१ औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून स्वतंत्र नोंदवही लागते आणि ती ३ वर्षे जपावी लागते. माझ्या मते कुलपाची अधिक गरज याच औषधांना आहे, कारण एक्सचा परवाना बहुतेक दुकानांकडे नसतोच आणि ‘झोपेची एकच गोळी द्या’ म्हणणारा मनुष्य रोज येतो. अनुसूची एचचा साठा मोठा असल्यामुळे त्या मांडण्यांना सरकते दार व कुलूप बसवून घ्यावे. कपाट ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये. ठाण्याच्या पावसात पत्रा गंजतो आणि कुलूपही अडकते.

खरी ढिलाई किल्लीत असते. कपाट भक्कम, पण किल्ली गणपतीच्या तसबिरीमागच्या खिळ्याला, आणि तो खिळा दुकानात सगळ्यांना ठाऊक, असे चित्र मी एकापेक्षा अधिक दुकानांत पाहिले आहे. किल्ली फार्मासिस्टच्या खिशातच असावी आणि ते चहाला गेले तरी ती त्यांच्याबरोबरच जावी. दुसरी किल्ली बंद पाकिटात घालून, चिकटवलेल्या कडेवर फार्मासिस्ट व मालक दोघांच्या सह्या घेऊन, मालकाकडे ठेवावी. ते पाकीट उघडावे लागल्यास तारीख, वेळ आणि कारण त्याच दिवशी लिहून ठेवावे.

कुलूप लावण्यापूर्वी एच-१ व एक्सचा साठा मोजावा, आणि तो स्ट्रिपांत न मोजता गोळ्यांत मोजावा, कारण कापलेल्या स्ट्रिपमधूनच गळती होते. स्ट्रिप कापताना बॅच क्रमांक व मुदतीची तारीख असलेली बाजू शेवटपर्यंत राखावी. दिवसभरात आलेला नवा माल फार्मासिस्ट परत येईपर्यंत खोक्यातच, चिकटपट्टी न काढता, काउंटरपासून दूर ठेवावा.

मदतनीसाला एकच वाक्य पाठ करून द्यावे: ‘फार्मासिस्ट इतक्या वाजता येतील, घाई असेल तर शेजारच्या दुकानात विचारा.’ पैसे आगाऊ घेऊ नयेत आणि रुग्णाची मूळ चिठ्ठी ठेवून घेऊ नये. नेहमीचे गिऱ्हाईक रागावले तरी.

फार्मासिस्ट परतल्यावर पहिले काम पुन्हा मोजणीचे. चार गोळ्या कमी भरल्यास जुना आकडा खोडून जुळवू नये; खाली नव्या ओळीत फरक, वेळ आणि त्या वेळी दुकानात कोण होते ते लिहून सही करावी व मालकाला त्याच दिवशी कळवावे.