सेन्सर लावलाय ना? मग या चुका टाळा

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दंडाला चिकटवायचा शुगरचा सेन्सर आता आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातही पोचला. पोरं पुण्याहून आईबापासाठी कुरिअरने पाठवतात, व्हिडिओ कॉलवर लावून देतात आणि मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी बाप माझ्या काउंटरवर बाही वर करून उभा: "भाऊ, हे मशीन खोटं सांगून राहिलं."

मशीन बहुतेक वेळा खोटं सांगत नसतं. त्याची केसासारखी तार कातडीखाली पाचेक मिलिमीटर जाते आणि तिथल्या पेशींच्या अधल्यामधल्या पाण्यातली शुगर मोजते, रक्तातली नाही. रक्तातली वाढघट तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. एवढं डोक्यात ठेवलं तरी माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या तक्रारी मिटतील.

बाण वर दिसला की इन्सुलिन

या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं, म्हणून आधी हीच. पूर्वी माणूस जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचा आणि दोन तासांनी बोट टोचायचा. मधलं काही दिसायचंच नाही. आता मोबाईलवर हवा तेव्हा आकडा आणि शुगर चढतेय की उतरतेय ते सांगणारा बाण दिसतो, आणि आकडा दिसला की हात शिवशिवतात.

महालक्ष्म्यांच्या जेवणाची गोष्ट. ओळखीतले एक काका, बरीच वर्षं इन्सुलिनवर. ताटात पुरणपोळी, वर तूप (आमच्याकडे धार नसते, वाटी असते), वडे, आंबील. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन डॉक्टरांच्या हिशोबाने घेतलं, इथवर सगळं बरोबर. पाऊण तासाने मोबाईल पाहिला: 248, बाण सरळ वर. घेतले चार युनिट. अर्ध्या तासाने 271. आणखी चार. का, तर "औषध लागूच नाही पडून राहिलं." अहो, त्याला वेळ तर द्या! जलद इन्सुलिनला कामाला लागायलाच पंधराएक मिनिटं जातात, जोर येतो तास-दीड तासाने आणि असर राहतो तीन ते पाच तास. त्यात तुपामुळे पुरण सावकाश पचतं, म्हणून शुगर बराच वेळ चढत राहते. तीन डोस एकावर एक साचले आणि काका दुपार कलताना बैलांचा चारा पाहायला वावरात गेले.

सालदाराला ते धुऱ्यावर बसलेले दिसले. सदरा घामाने चिंब, बोलणं भलतंच. मोबाईल घरी चार्जिंगला. त्यांच्या सेन्सरचा निरोप वीसेक फुटांपलीकडे जात नाही, मग अलार्म वाजणार कुठून? सालदाराकडे चहाची साखर होती, ती पाण्यात कालवून पाजली. काका घोट गिळू शकत होते म्हणून निभावलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, 108 ला फोन लावायचा.

मी स्वतः इन्सुलिनवर आहे. जेवणाचा डोस घेतला की मोबाईल तीन तास पालथा. कमी शुगरचा अलार्म चालू असतो, तो वाजला तरच उचलायचा. तीन तासांनीही आकडा वर असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेला हिशोब काढायचा, तो दिला नसेल तर फोन करून विचारायचं. 30/70 वाल्यांनी (जलद आणि संथ इन्सुलिनचं मिश्रण घेणाऱ्यांनी) तर मनाने वरचा डोस घेऊच नये, त्यातला संथ भाग पुढे कितीतरी तास काम करत असतो.

हीच घाई उलट्या बाजूनेही होते. शुगर 62 झाली, तीन चमचे साखर खाल्ली, दहा मिनिटांनी सेन्सर 58 दाखवतो म्हणून पेढे, मग केळं, मग सोनपापडी. तोवर रक्तातली शुगर वर यायला लागलेली असते, सेन्सर मागून येत असतो. साखर घ्या, पंधरा मिनिटं थांबा, बोट टोचून पाहा. रक्तातही 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर.

रात्री दोनचं ग्लुकोज पाणी

एक बाई आठवडाभर रोज ग्लुकोजची पुडी न्यायला येत होत्या. मुलाला टाइप 1 मधुमेह, म्हणजे इन्सुलिनशिवाय चालतच नाही असा, वय तेरा. "रोज रात्री दोन वाजता शुगर पडून राहिली भाऊ, 55, 58. उठवून पाजावं लागते." आणि सकाळी? सकाळी 280. मग सकाळची जास्त येते म्हणून त्यांनी रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट वाढवलं, तेही मनानेच. आता तर खरंच पडायला लागली.

मी मोबाईलवरची रेघ पाहिली. छान सरळ चाललेली रेघ एकदम विहिरीत पडावी तशी खाली आणि थोड्या वेळाने तशीच वर. मुलाला विचारलं, कोणत्या कुशीवर झोपतोस? डाव्या. सेन्सर कुठे? डाव्या दंडावर, आणि तो दंड बाजेच्या लाकडावर दाबलेला. दाब आला की तिथलं पाणी सरकतं आणि सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. मशीन "बहुतेक वेळा" खोटं सांगत नसतं असं वर म्हटलं, त्यातून ही वेळ वगळा. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावला आणि दोनचा अलार्म थांबला. रात्रीचं इन्सुलिन डॉक्टरांनी पुन्हा आधीवर आणलं.

रात्री अलार्म वाजला तर पोराला कुशीवरून वळवा, टॉर्च लावा, बोट टोचा. ग्लुकोमीटर उशाशी हवा, कपाटात नको. पोर घामेजलेलं, थरथरत असेल किंवा मीटरची पट्टी हाताशी नसेल तर वाट न पाहता साखर द्या, ती चूक परवडते. "सेन्सर आहे तर पट्ट्या कशाला घेऊ?" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, सेन्सरसोबत पट्ट्यांची डबी पुढे सरकवतो.

संत्रं सोलून बोट टोचणे

हे आमच्याच भागातलं. आंबिया बहाराचा तोडा चालू असताना एक बागायतदार तणतणत आला. सेन्सर 140, ग्लुकोमीटर 310, आणि त्याच्या मते सेन्सर कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. नखात संत्र्याची साल अजून पिवळी दिसत होती. नळावर साबणाने हात धुवायला लावले, पुसले, पुन्हा टोचलं: 151. बोटावरचा रस रक्तात मिसळला की मीटर त्याचीही साखर मोजतो. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, पाणीच लागतं. सेन्सर-मीटरचा ताळा पाहायचा तर जेवणाआधी, बाण आडवा (म्हणजे शुगर स्थिर) असताना. तेव्हाही दहा-पंधरा टक्के फरक राहतोच, त्यावर भांडू नका.

संत्र्यावरून आठवलं, व्हिटॅमिन सी. फळातल्या सीचं काही नाही, पण रोज 500 मिलिग्रॅमच्या वर गोळ्या चघळल्या तर काही सेन्सर शुगर जास्त दाखवतात. सर्दी झाली की चघळतच बसणारे बरेच आहेत.

बाकीच्या

नव्या सेन्सरचा पहिला दिवस भरवशाचा नसतो. तेवढ्यावर डोस बदलू नका.

आंघोळीनंतर खोबरेल चोपडून त्यावर सेन्सर लावला तर तो पोतं उचलतानाच निघणार. दंड धुवा, स्पिरिटने पुसा, नीट वाळू द्या. फुंकर मारू नका. वरून चिकटपट्टी लावायची तर मधलं बारीक छिद्र झाकू नका.

मे महिन्यात सेन्सर गाडीच्या डिकीत ठेवून दुपारभर बाजार करणाऱ्यांना काय सांगावं! खोक्यावर बहुधा 25-30 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि बाहेर 45 असतात.

स्कॅन करायचा जुना प्रकार असेल तर आठ तासांच्या आत एकदा तरी मोबाईल टेकवा, नाहीतर मधली रेघ गायब.

जेवणानंतर 165 दिसलं म्हणून रडकुंडीला येऊ नका. बहुतेकांसाठी 70 ते 180 मध्ये दिवसाचा सत्तर टक्के वेळ गेला तर ते चांगलं मानतात. आणि ज्वारीची भाकर चालते म्हणून चार खाल्ल्या, तर सेन्सर चारही दाखवणार.

14 दिवसांची मुदत संपून बंद पडलेला सेन्सर व्हिडिओ पाहून पुन्हा चालू करायच्या भानगडीत पडू नका. हजारोंची वस्तू आहे, जीव तुटतो, कबूल. सतत परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून अधूनमधून एखादा लावा, मधल्या काळात बोट आहेच.

काढताना ओढू नका. कडेने खोबरेल सोडा, पाच मिनिटांनी आपसूक सुटतो. लावायच्या यंत्रात सुई असते, सेन्सरमध्ये बॅटरी. दोन्ही उकिरड्यावर फेकू नका, तिथे पोरं अनवाणी फिरतात. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात जमवा आणि डबा भरला की आरोग्य केंद्रात विचारून द्या.