घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय: या चुका टाळा

गणेश चवथ जवळ आली की माझ्या टेबलावर घरी बांधलेले ॲम्प्लिफायर येऊ लागतात. कुणाच्या भजनी मंडळाचा, कुणाच्या घुमट आरतीच्या पथकाचा, तर कुणी जुन्या नाट्यगीतांच्या कॅसेटी ऐकायला हौसेने बांधलेला. तक्रार बहुतेकांची एकच: ‘आयसी खराब लागला.’ आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, क्वचितच खराब असतो. झाकण उघडून मी आधी पॉवर सप्लाय, म्हणजे लाइनच्या विजेतून बोर्डाला लागणारे व्होल्ट करून देणारा भाग, बघतो आणि बहुधा पुढे जावंच लागत नाही. लोक बोर्डवर चार-चार दिवस घालवतात आणि सप्लाय मात्र शेवटच्या संध्याकाळी उरलेल्या वायरींनी जोडतात. मला याचा खरोखर राग येतो, कारण स्पीकरमधून जो आवाज निघतो तो शेवटी सप्लायमधूनच आलेला असतो.

ग्राउंड कुठेही जोडणं

चार वर्षांपूर्वी फोंड्याकडच्या एका वाड्यावरचं भजनी मंडळ चवथीच्या आठ दिवस आधी ॲम्प्लिफायर घेऊन आलं. टीडीए ७२९४ या आयसीचे दोन बोर्ड, २५-०-२५ व्होल्टचा वजनदार ट्रान्सफॉर्मर, सामान सगळं चांगलं. पण चालू केला की स्पीकरमधून चरचरणारी घरघर. गाणं थांबलेलं असतानाही ती असायची आणि गजर चढला की तीही चढायची. ‘दादा, हो आवाज वचनाच,’ (हा आवाज जातच नाही) बांधणारा मुलगा म्हणाला. त्याने आधी प्रत्येक रेलला (सप्लायच्या अधिक आणि उणे व्होल्टच्या वाटेला) ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला होता. घरघर आली म्हणून १०,००० चा घातला, मग २२,००० चा. पैसे गेले आणि घरघर उलट थोडी वाढली.

वाढणारच होती. ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) कपॅसिटरला करंट सलग जात नाही. एसीच्या शिखरापाशी क्षणभर, सेकंदाला १०० वेळा, धक्क्याने जातो. कपॅसिटर जितका मोठा तितका तो धक्का अरुंद आणि उंच. बोर्ड सरासरी २ ॲम्पियर घेत असतील तर धक्का सहज १० ॲम्पियरच्या घरात पोचतो. या मुलाने इनपुटचं ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) जोडलं होतं सेंटर टॅपच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या शून्याच्या वायरीवर, कपॅसिटरच्या अलीकडे, कारण तिथे सोल्डर करायला जागा सोयीची होती. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे साधारण २ मिलिओहम. साध्या मीटरवर दिसतही नाही. पण त्यातून १० ॲम्पियर गेले की त्या तुकड्यावर २० मिलिव्होल्ट उभे राहतात. बोर्डाला ते सिग्नलच वाटतात आणि तो त्यांना ३० पट करून स्पीकरला देतो. अर्ध्या व्होल्टहून जास्त घरघर, वीतभरही नसलेल्या वायरीमुळे.

मी एकही पार्ट बदलला नाही. सेंटर टॅप फक्त दोन कपॅसिटरच्या मधल्या जोडावर आणला. त्या जोडापासून एक जाड, आखूड वायर काढून वेगळ्या बोल्टवर नेली. स्पीकरच्या परतीच्या वायरी, बोर्डांचं पॉवर ग्राउंड, इनपुटचं ग्राउंड, सगळं त्या बोल्टवर, पण प्रत्येकाची वायर स्वतंत्र. यालाच ‘स्टार’ म्हणतात. कपॅसिटरच्या मधल्या पट्टीलाच ‘स्टार’ समजून तिथे सगळं गोळा करणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका, धक्के त्याच पट्टीतून जातात. जोडून झाल्यावर इनपुट शॉर्ट करून मी स्पीकरला कान लावला. घरघर नव्हती.

कान लावण्यावरून आठवलं. ५० हर्ट्झची गुणगुण मऊ असते. ती बहुतेक ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा बाहेरच्या केबलमधून येते. १०० ची घरघर धारदार असते, ती कपॅसिटर भरण्याच्या धक्क्यांची. आणि इनपुट शॉर्ट केल्यावर आवाज गेला, तर दोष डब्याच्या बाहेर शोधा. एवढं न करता कपॅसिटर बदलत बसणं मला पटत नाही.

अर्थिंगची पिन कापणं

त्याच ॲम्प्लिफायरला झाकण लावताना प्लगकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. अर्थिंगची पिन कापून टाकलेली. ‘कापली की आवाज थोडा कमी होतो’ असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

भाद्रपदातला पाऊस, ओल धरलेल्या चिऱ्यांच्या भिंती, भजनाला बसलेले लोक अनवाणी. माइकची धातूची जाळी केबलच्या शील्डमधून थेट ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला आणि बॉडीला जोडलेली, आणि ती जाळी गाणाऱ्याच्या ओठांपासून बोटभर अंतरावर. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आत कुठे फाटलं किंवा फेजची वायर सुटून बॉडीला लागली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्ट माइकवर वाट बघत बसतात. मंडळातल्या एका आजोबांनी सांगितलं की माइक धरला की हाताला झिणझिण्या यायच्या, त्यांना वाटलं वयामुळे. मी त्या मुलाला ओरडलो, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

धातूची बॉडी थेट अर्थिंगला जोडायची, मध्ये काहीही नको. लॅपटॉप किंवा मिक्सर जोडल्यावर ग्राउंड लूपची (दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जुळल्याने होणारी) गुणगुण येत असेल, तर आतल्या स्टार बोल्टपासून बॉडीपर्यंतच्या वायरीत १० ओहमचा रेझिस्टर घाला. त्याला समांतर ३५ ॲम्पियरचा ब्रिज लावा: त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडायचे आणि दोन एसी पाय रेझिस्टरच्या दोन टोकांना. लूप तुटतो आणि बिघाडाच्या वेळी वाटही मोकळी राहते. घरातलं अर्थिंगही तपासून घ्या. आपला जांभा मार्च-एप्रिलमध्ये कोरडा पडतो, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची जुन्या लोकांची सवय बरोबर होती.

व्होल्टचा हिशेब

२४-०-२४ घेतला म्हणून ३५ व्होल्टचे कपॅसिटर लावायचे नाहीत. २४ गुणिले १.४१४ म्हणजे ३४, त्यातून डायोडचा जेमतेम एक व्होल्ट वजा. कागदावर ३३ येतात आणि नवखा खूश होतो. पण २४ हा आकडा पूर्ण लोडवरचा असतो. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के वर जातो. त्यात रात्री उशिरा, सगळ्यांचे एअर कंडिशनर आणि पंप बंद झाल्यावर लाइन २५० ला गेली, तर रेलवर ४० पोचतात. ५० व्होल्टचाच कपॅसिटर घ्या, १०५ डिग्री तापमान सोसणारा.

आयसीलाही हाच हिशेब लागू. टीडीए २०३० ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट. १२-०-१२ वर तो कागदावर बसतो, आणि एखाद्या रात्री लाइन चढली की जातो. मी त्याला ९-०-९ देतो. आवाज थोडा कमी मिळतो, आयसी टिकतो.

ट्रान्सफॉर्मर विकत घेताना लेबल वाचू नका, उचलून बघा. १५० व्हीएचा (व्होल्ट गुणिले ॲम्पियर), लोखंडी पट्ट्यांच्या चौकोनी ईआय कोअरचा ट्रान्सफॉर्मर साधारण दोन किलो तरी भरायला हवा. ‘५ ॲम्पियर’ लिहिलेला आणि हातात खेळण्यासारखा वाटणारा परत ठेवा. बरेच जण आत ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात, जिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. गाण्यात ठेका पडला की व्होल्टेज बसतं आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. गोव्यात चांगला मिळाला नाही, तर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी येणाऱ्याकडून मागवतो आणि तोवर काम थांबवतो. रविवारी सकाळी व्हिडिओ बघून संध्याकाळी गाणं वाजलंच पाहिजे, ही घाई मला समजत नाही.

काही चुका ओळीभराच्या. उणे रेलच्या कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो. उलटा लावला तर फुटतो, चष्मा घाला. १एन४००७ हा १ ॲम्पियरचा डायोड आहे, मोठ्या ॲम्प्लिफायरला केबीपीसी ३५१० हा ब्रिज घ्या आणि तो बॉडीवर घट्ट बसवा. टोरॉइडच्या (गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरच्या) मधल्या बोल्टची दोन्ही टोकं बॉडीला लावलीत तर तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. फ्यूज फेजवर, स्विचच्या आधी, स्लो-ब्लो प्रकारचा. १५० व्हीएला १ ॲम्पियर पुरतो. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तार गुंडाळणाऱ्याचं काम मी हातात घेत नाही. प्रत्येक रेलवर २.२ किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर घाला, म्हणजे बंद केल्यावर १०,००० मायक्रोफॅरड दोनेक मिनिटांत रिकामे होतात. नाहीतर दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर टेकला की ठिणगी उडते. आणि बोर्डावर खाऱ्या हवेने हिरवा गंज चढतो म्हणून जोड झाल्यावर फ्लक्स पुसून वार्निशचा हात द्या.

पहिल्यांदा चालू करताना मी फेजमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावतो. एलईडी चालत नाही. असे बल्ब आता सहज मिळत नाहीत, म्हणून डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. उजळतच राहिला तर प्लग काढायचा आणि आत चूक शोधायची. बोर्ड जोडण्याआधी दोन्ही रेल मीटरने मोजतो आणि आकडे तारखेसकट झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहितो. फोंड्याच्या त्या मंडळाचा ॲम्प्लिफायर दर श्रावणात माझ्याकडे येतो. तो मुलगाच आता झाकण उघडतो, मोजतो आणि नवी ओळ लिहितो. यंदाची ओळ: अधिक ३६.१, उणे ३६.०, अर्थिंग ठीक.