नोएलियास मिळालं म्हणून नाचू नका (एलएलव्हीएममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी)

एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायचा साचा. त्यातलं एलियास ॲनालिसिस दोन पॉइंटर एकाच मेमरीकडे बोट दाखवतात का ते सांगतं: 'नाही' म्हणजे नोएलियास, 'कदाचित' म्हणजे मेएलियास. कंपायलरमध्ये नवीन आलात की कोणीतरी पहिल्याच दिवशी या विषयावरचे अँडरसन आणि स्टीन्सगार्डचे पेपर हातात देतं. वाचा, पण नंतर. आधी एक छोटा लूप घ्या आणि ऑप्ट या एलएलव्हीएमच्या टूलमधला एए-इव्हॅल पास (पास म्हणजे कोड तपासणारा किंवा बदलणारा एक टप्पा) चालवून पॉइंटरच्या कुठल्या जोडीला काय उत्तर येतं ते डोळ्यांनी बघा.

आता खरी गोची, मीही इथेच आपटलोय म्हणून जरा लांबवतो. लूपमध्ये ए[आय] वाचून त्यात एक मिळवून ए[आय+१] मध्ये लिहिताय. दोन्ही पॉइंटर देऊन विचारलं तर उत्तर नोएलियास, आणि ते बरोबरच आहे. मग वाटतं की झालं, चार-चार फेऱ्या एकदम करून टाकू. सगळे शून्य भरलेला ॲरे घेतला तर यायला पाहिजे ०, १, २, ३, ४, ५ आणि येतं ०, १, १, १, १, २. कारण ते उत्तर एकाच फेरीपुरतं होतं! आत्ता ए[४] मध्ये लिहिलेलं पुढच्या फेरीत आय चार झाला की ए[आय] म्हणून वाचलं जातं, एसएसएमध्ये (कंपायलरच्या आतलं कोडचं रूप, ज्यात प्रत्येक नावाला एकदाच किंमत देतात) नाव तेच दिसतं पण दर फेरीला पत्ता वेगळा. फेऱ्यांमधला प्रश्न असेल तर डिपेंडन्स ॲनालिसिसला (एका फेरीत लिहिलेलं दुसऱ्या फेरीत वाचलं जातं का ते बघणारं) विचारा, व्हेक्टरायझरसुद्धा (अनेक फेऱ्या एकदम करणारा पास) त्यासाठी लूप ॲक्सेस ॲनालिसिसवरच अवलंबून असतो. आणि टेस्टमध्ये नुसती कॉपी करून सगळीकडे एकच आकडा भरू नका, चुकीचा पासही मस्त पास होतो.

घाबरू नका, मोठ्यांचंही हे झालंय. रस्ट या भाषेला म्यूटेबल रेफरन्सवरचं (ज्यातून बदल करता येतो अशा रेफरन्सवरचं) नोएलियास काही वर्षं बंद ठेवावं लागलं, कारण लूप अनरोल करताना (फेऱ्या उलगडून एकापुढे एक लिहिताना) एका फेरीचं नोएलियास एलएलव्हीएम सगळ्या फेऱ्यांना लावत होतं, तीच गोची. २०२१ मध्ये रस्टच्या १.५४ आवृत्तीत ते परत चालू झालं.

अडलात तर मेएलियास द्या, कोड हळू चालेल पण चुकणार नाही. फक्त 'मेएलियास दे आणि पुढे चल' हे एवढंच शिकवणारा मेंटॉर असेल तर दुसरा शोधा, त्याने तुमचा पास कधी काही ऑप्टिमाइझच करणार नाही. आणि स्ट्रिक्ट एलियासिंग (वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच मेमरीकडे नसतात असं धरून चालणं) फ्लॅगने बंद करून बग गेला म्हणून पॅच पाठवू नका, लिनक्स कर्नल तो फ्लॅग विचार करून वापरतं, तुम्ही फक्त बग झाकताय.