खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं: थंडीतल्या पहिल्या तीन रात्री झोपून काढू नका

डिसेंबर लागला की निफाड, नाशिक, जळगावपासून पार विदर्भापर्यंत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो. आणि पिल्लांची खरेदी नेमकी याच दिवसांत जोरात असते. आत्ता आणलेली गिरीराज, वनराजची पिल्लं शिमग्याच्या सुमाराला विकण्याजोगी होतात, आणि घरात एखादी गावठी कोंबडी खुडूक (म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून) बसलेलीच असते. तिच्याखाली पिल्लं सोडली की बल्ब नको, वीज नको, राखण नको, असा हिशेब असतो. हिशेब बराचसा बरोबर आहे. या सुधारित जाती स्वतः सहसा अंड्यावर बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पिल्लांना आई हवी असेल तर ती गावठीच मिळणार. त्यातलं ‘राखण नको’ एवढंच खोटं आहे.

दर थंडीत तेच दिसतं. संध्याकाळी दहा पिल्लं सोडली, सकाळी तीन ताठ पडलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग घरची बाई म्हणते कोंबडीच वाईट, आणि दुकानदार म्हणतो रोग आलाय, ही पावडर घेऊन जा. मेलेलं पिल्लू कुठं पडलं होतं ते मात्र कोणी बघत नाही. ते कोंबडीपासून वीतभर अंतरावर पडलेलं असतं. ते गारठून मेलेलं असतं. रात्री कोणी हात घालून बघितलं असतं तर वाचलं असतं.

म्हणून बाकीचं नंतर वाचा, आधी हे लक्षात घ्या. पहिल्या तीन रात्री, झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे चारच्या सुमाराला एकदा, बॅटरी घेऊन खुराड्यापाशी जायचं. कोंबडीच्या चारही बाजूंनी हात फिरवायचा. बाहेर सापडलेलं पिल्लू उचलून तिच्या पंखाखाली सरकवायचं. रात्रीची सगळ्यात बोचरी थंडी पहाटे असते, तेव्हा पहाटेची फेरी चुकवायची नाही.

स्वतःच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना एवढं बघावं लागत नाही. पिल्लू अंड्यात असतानाच चिवचिवायला लागतं, कोंबडी आतल्या आत कुटकुटते, आणि बाहेर पडेपर्यंत दोघांना एकमेकांचा आवाज ओळखीचा झालेला असतो. विकतचं पिल्लू यंत्रात निघालेलं, खोक्यातून आलेलं. कोंबडीच्या हाकेला जायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. झोपेत सरकून बाहेर आलं तर परत आत कसं शिरायचं हे त्याला दोन-तीन दिवसांनी कळतं. आणि पहिले तीन-चार आठवडे, पिसं भरेपर्यंत, त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या घरात असतं, बाहेर १० अंश. या फरकात कापसाच्या बोळ्याएवढा जीव फार वेळ टिकत नाही.

आवाज ओळखायला शिका. पिल्लं उबेत असली की बारीक, हळू, तुटक चिवचिव येते, तीही थोड्या वेळात विझते. एकच पिल्लू मोठ्यानं, टिपेला जाऊन सारखं ओरडत असेल तर ते बाहेर आहे, लगेच उठा. सगळ्यात फसवं असतं ते हे की ओरडून ओरडून ते गप्प होतं आणि आपण म्हणतो, निजलं. पुरतं गारठलेलं पिल्लू ओरडत नाही. म्हणून नुसतं कान देऊन भागत नाही, हात घालावाच लागतो.

थंड पडलेलं पिल्लू सापडलं तर लगेच टाकून देऊ नका. मान लुळी पडलेली, डोळे मिटलेले, पण चोच किंचित उघडझाप करत असेल तर ते वाचू शकतं. दोन्ही ओंजळींत धरा, पोटाशी कपड्याच्या आत ठेवा, नाहीतर बल्बखाली. चूल असेल तर तिच्यापासून हातभर लांब, आपला तळवा सहज सोसेल इतक्याच उबेत. पायावर उभं राहीपर्यंत तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून मरतं. उभं राहिलं की कोमट गूळपाण्यात चोच बुडवा आणि परत कोंबडीखाली.

आता पिल्लं कुठली आणायची. एक ते दोन दिवसांची, फार तर तीन. त्याहून मोठं पिल्लू कोंबडीला आई मानत नाही, आणि कोंबडीही त्याला टोचते. वय ओळखायची सोपी खूण चोचीच्या शेंड्यावर असते. तिथं पांढरा, टोकदार, खसखशीएवढा दाणा असतो. त्यानंच पिल्लू कवच फोडतं, आणि एक-दोन दिवसांत तो गळून पडतो. दाणा दिसला की पिल्लू ताजं. दाणा नाही आणि पंखावर लांब पिसं फुटलेली असतील तर विकणारा काहीही म्हणो, ते पिल्लू आठवड्याच्या आसपासचं आहे, कोंबडीखाली घालायच्या कामाचं नाही.

मोटारसायकलवर जाळीची खोकी बांधून गावोगाव फिरणाऱ्यांकडून घेऊच नका. त्या खोक्यात बहुतेक वेळा अंड्याच्या जातीचे नर असतात, हॅचरीला नको असलेले, ‘गिरीराज’ म्हणून खपवलेले. रंग लावलेलीही असतात. कधी निघाली, कशी फिरली, पहिल्या दिवशीची मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस झाली की नाही, कशाचाच पत्ता नसतो. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथं आधी नोंदणी करून, तारीख घेऊन जा. सात-आठ घरांनी मिळून एकानं गेलं तर गाडीभाडंही अंगावर येत नाही.

कोंबडीची परीक्षा पिल्लांच्या तारखेआधी करा. खरी खुडूक कोंबडी पसरून बसते, पिसं फुलवते, हात नेला की गुरगुरते, टोचते, दिवसातून एखाद-दोन वेळा उठून खाते आणि भलामोठा, घाण वासाचा हग टाकते. पोटाखाली हात घातला तर पिसं झडलेली, कातडी तापलेली लागते. तिला किमान दोन आठवडे चार-पाच वांझ अंड्यांवर किंवा गुळगुळीत गोट्यांवर बसू द्या. परवा खुडूक झालेल्या कोंबडीवर विसंबू नका. तलंगेपेक्षा (नव्यानं अंड्यावर आलेल्या कोंबडीपेक्षा) आधी एकदा तरी पिल्लं वाढवलेली कोंबडी बरी. माझा एक अंदाज आहे, पुस्तकात मिळणार नाही: पाठीवर हात ठेवल्यावर जी आणखी खाली दबून बसते ती पिल्लं घेते. जी उठून ओरडत पळते तिच्याखाली घालून जीव वाया घालवू नका.

जागा जमिनीवर. टोपलीत, टांगलेल्या पाटीत किंवा उंच खणात बसलेली असेल तर दोन-तीन रात्री आधीच अंधारात अंड्यांसकट खाली आणा. उंचावरून पडलेलं पिल्लू परत चढू शकत नाही, टोपलीच्या काठावरूनही नाही. खाली कोरडं तूस दोन-तीन इंच, त्यावर मऊ पिंजर, मध्ये थोडा खोलगटपणा. तीन बाजूंनी गोणपाट, वरून हवा खेळती. आत शेगडी किंवा निखारे ठेवायचे नाहीत, धुराचा विषारी वायू कोंबडीसकट सगळ्यांना मारतो.

सोडायची वेळ रात्रीची. दिवसाउजेडी समोरून पिल्लं टाकली तर कोंबडी त्यांना परकी म्हणून बघते आणि डोकं फोडते. पिल्लं घरी आली की आधी बल्बखाली तासभर तापवा, गूळपाणी (लिटरला ८० ते १०० ग्रॅम गूळ) चोच बुडवून पाजा. गार पिल्लू कधीही कोंबडीखाली घालू नका, ते तिलाही अस्वस्थ करतं. आठ-नऊच्या सुमाराला, उजेड बेतानं ठेवून, मागच्या बाजूनं हात घाला. एक अंडं काढा, एक पिल्लू पंखाखाली सरकवा. आधी दोनच. पाच मिनिटं थांबून ऐका. कोंबडी खालच्या आवाजात कुटकुटायला लागली तर बाकीची घाला. सगळी अंडी किंवा गोटे काढून घ्या.

किती घालायची यात लोभ नडतो. सव्वा-दीड किलोची गावठी कोंबडी थंडीत आठ, फार तर दहा पिल्लं झाकते. उन्हाळ्यात बारा चालतात. पंधरा-वीस घातली तर कडेची पाच-सहा रोज रात्री अर्धी उघडी राहतात, आणि मग मी वर सांगितलेली पहाटेची फेरीसुद्धा त्यांना वाचवू शकत नाही. जास्तीची पिल्लं असतील तर दुसरी खुडूक बघा, नाहीतर बांबूच्या डालग्याखाली बल्ब लावा. दहा-बारा पिल्लांना ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब पुरतो, एलईडी ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

पहिल्या सकाळी उजाडायच्या आत तिथं हजर राहा. चोचीनं दाणा उचलून परत टाकत असेल, कुटकुटत असेल तर झालं, ती आई झाली. एखाद्या पिल्लामागे धावून डोक्यात टोचत असेल तर सगळीच काढून डालग्याखाली घ्या आणि रात्री पुन्हा एकदाच प्रयत्न करा. दुसऱ्या सकाळी तेच दिसलं तर त्या कोंबडीचा नाद सोडा.

आता दुकानाबद्दल. गारठलेल्या पिल्लाचं पोटातलं बलक नीट जिरत नाही, ढुंगणाला पांढरी विष्ठा चिकटते, पंख लोंबतात. हे बघून दुकानदार पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक, लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिनचे थेंब असा पुडकाच हातात देतो. दहा पिल्लांच्या किमतीहून तो पुडका महाग पडतो आणि ज्या कारणानं पिल्लं मरतायत ते तसंच राहतं. चिकटलेली विष्ठा कोमट पाण्यानं पुसा, पिल्लू कोरडं करा, ऊब बघा. अँटिबायोटिक डॉक्टरांनी पिल्लू बघून लिहिलं तरच. रक्ताची हगवण दिसली तर मात्र थांबू नका. डॉक्टरांना विचारून अ‍ॅम्प्रोलियम २० टक्के पावडर, पाण्यात लिटरला ०.६ ग्रॅम, ५ ते ७ दिवस. पैसे खर्चायचेच तर चांगल्या चिक स्टार्टरवर (पिल्लांच्या तयार खाद्यावर) आणि लशीवर खर्चा.

नेहमीची कामं:
– खाद्य: चिक स्टार्टर, नाहीतर तांदळाची कणी आणि मक्याचा बारीक भरडा. वाळवी मिळाली तर उत्तम. कोंबडीनंही तेच खावं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं चुन्याचं खाद्य पिल्लांना नको.
– पाणी: उथळ ताटली, त्यात खडे. थंडीत कोमट.
– उवा-पिसवा: पिल्लं आणण्याच्या आठवडाभर आधी खुराड्याला चुना, कोंबडीला राखेत लोळू देणं. पिंजरात निर्गुडीचा पाला ठेवला तर उवा कमी होतात असं दिसतं. गोचिडाचं औषध पिल्लांवाल्या कोंबडीवर फवारायचं नाही.
– लस: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची. चौथ्या आठवड्यात परत लासोटा. सहाव्यात देवी. आठव्यात मानमोडीची आर२बी, अर्धा मिली, कातडीखाली.

लशीची कुपी १०० मात्रांची असते, म्हणून ‘दहा पिल्लांना कशाला’ म्हणत लोक टाळतात आणि उन्हं तापायला लागली की मानमोडीत अख्खं खुराडं रिकामं होतं. शेजारच्या घरांनी पिल्लं एकाच दिवशी आणली तर एक कुपी सगळ्यांना पुरते. बर्फात आणा, कालवल्यावर तासा-दीड तासात संपवा, उरलेली पुरून टाका.

कोंबडीला पिल्लांसकट बाहेर सोडायचं ते दव ओसरून ऊन पडल्यावर, आणि पहिले दहा दिवस डालग्याखालीच. घार, कावळा, मुंगूस टपलेलेच असतात. चौथ्या रात्रीपासून पहाटेची फेरी बंद केली तरी चालेल, पण थंडीची लाट आली, पाऊस-गारपीट झाली, किंवा कोंबडीनं बसायची जागा बदलली, की त्या रात्री पुन्हा जायचं. सहा ते आठ आठवड्यांनी ती अंड्याला येते आणि पिल्लांना झिडकारते. त्या आठवड्यात पिल्लं खुराड्याच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून दाटी करतात आणि खालची गुदमरतात. पिल्लांना बसायला जमिनीपासून वीतभर उंचीवर जाड दांडी बांधा, कोपऱ्यात तूस भरून तो गोल करून टाका, आणि आई सुटल्यावरच्या दोन-तीन रात्री बॅटरी घेऊन जाऊन दाटी मोडा.