‘अक्रू’ हा इंग्रजी शब्द कसा वापरावा

उच्चार ‘अक्रू’, जोर ‘क्रू’वर. स्पेलिंगमध्ये दोन ‘सी’. नाम ‘अक्रुअल’, विशेषण ‘अक्रूड’.

आता अर्थ. ‘अक्रू म्हणजे जमा होणे’ एवढंच पाठ करू नका, त्यानेच पुढचा घोटाळा होतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘वाढणे’. ‘इन्क्रीज’ही त्याच कुळातला. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे: कर्जावर व्याज ‘चढतं’. कुणी आणून टाकत नाही, दिवस सरतात तसं ते आपोआप वाढत जातं.

म्हणून आधी कर्ता तपासा. मराठीत ‘साठणे’ आणि ‘साठवणे’ वेगळे आहेत. अक्रू ‘साठणे’च्या बाजूचा. व्याज अक्रू होतं, नोकरीच्या महिन्यांगणिक रजा अक्रू होते. माणसाने खटपट करून पैसा गोळा केला तर ‘अमॅस’ किंवा ‘अक्युम्युलेट’ म्हणा. कपाटावर धूळ साचते तिथेही ‘अक्युम्युलेट’च. अक्रूमागे बहुधा एखादा हक्क, लाभ किंवा देणं असतं. धुळीवर कुणाचा हक्क?

खरी मेख ‘अक्रूड’मध्ये आहे. भाषांतराची कामं करू लागलो तेव्हा ‘अक्रूड इंटरेस्ट’चं मी ‘मिळालेलं व्याज’ केलं होतं. हिशेब तपासणाऱ्यांनी मजकूर परत पाठवला, आणि ते बरोबरच होते. समजा मुद्दल 1,00,000, सरळव्याज वर्षाला 12 टक्के, आणि व्याज द्यायचं वर्षअखेर. तीन महिन्यांनी 3,000 व्याज अक्रू झालेलं असतं, पण हातात एक पैसाही आलेला नसतो. ते लागू झालंय, चुकतं व्हायचंय. मराठीत याला ‘उपार्जित व्याज’ म्हणतात. सामान्य वाचकासाठी मी ‘आतापर्यंत चढलेलं व्याज’ लिहितो. ‘मिळालेलं’ किंवा ‘भरलेलं’ कधीही लिहू नका. कर्जाच्या कागदात या एका शब्दाने वाचणाऱ्याची समजूत पार उलटी होते: देणं बाकी असताना त्याला ते फिटल्यासारखं वाटतं.

शब्दयोगी अव्ययं सोपी आहेत. लाभ ज्याच्या पदरात पडतो त्याच्याआधी ‘टू’, ज्यातून निपजतो त्याच्याआधी ‘फ्रॉम’.

हिशेबनीस मात्र ‘खर्च अक्रू करा’ असंही म्हणतात. ती चूक नव्हे. पैसे अजून दिले नसले तरी ज्या काळाचा खर्च त्याच काळात नोंदवा, असं त्यांना म्हणायचं असतं.